थंडीत गाडीचं ॲव्हरेज का पडलं ते नांदूरमध्यमेश्वरच्या रस्त्यावर कळलं

डिसेंबरात माझ्या गाडीचं ॲव्हरेज १४ वर आलं. नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, एरवी गावात-हायवेवर मिळून १७-१८ आरामात देते. आधी पंपवाल्यावर संशय घेतला, पंप बदलला, एअर फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य. शेवटी म्हटलं जाऊ दे, थंडीत पडतंच थोडं.

तर त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं ठरलं, मी, बायको, पोरगी आणि मेहुणा. नाशिकहून चाळीसेक किलोमीटर, नांदूर नाक्यावरून संभाजीनगर रोड धरायचा, चांदोरीला वळून सायखेडा आणि पुढे विचारत विचारत चापडगाव. सूर्य वर यायच्या आत पोहोचायला हवं म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं होतं, पण मी आपला सवयीने गाडी सुरू करून दहा मिनिटं पार्किंगमध्ये गरम करत बसलो. ही सवय वडिलांची. त्यांच्या फियाटला चोक ओढून तसं करावंच लागायचं, नाहीतर कोपऱ्यावर जाऊन बंद पडायची. कार्ब्युरेटर होता तेव्हा ते बरोबरच होतं. आता इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरच पेट्रोल मोजून सोडतो, तिला अर्धा मिनिट पुष्कळ झाला, मग निघायचं आणि पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवायची, ॲक्सिलरेटर जोरात दाबायचा नाही. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. आणि छोटं पेट्रोल इंजिन उभ्या-उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर पितं, म्हणजे रोज दहा मिनिटं धरली तरी महिन्याला चार-साडेचार लिटर सोसायटीच्या पार्किंगमध्येच संपले.

मेहुणा अंबड एमआयडीसीत कामाला आहे, त्याला असल्या गोष्टींचा फार नाद. त्याने स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, ते छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं आणि मोबाईलवर आकडे बघत बसला. चांदोरी आली तरी तो गप्प. गोदावरीवर धुकं एवढं दाट की ३०-४० च्या वर जाताच येईना, काचेवर आतून वाफ धरलेली, हीटर पूर्ण लावला तरी हवा कोमटच. तेव्हा तो म्हणाला, "दाजी, तुमची गाडी तापतच नाहीये."

मी म्हटलं बरंय की मग.

"बरं काय? पाऊण तास झाला आणि कूलंट, म्हणजे इंजिनमधलं पाणी, ५८ डिग्रीवर आहे. नव्वदच्या आसपास पाहिजे."

तिथे माझी ट्यूब पेटली. मे महिन्यात मनमाडच्या अलीकडे गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटचा व्हॉल्व काढून टाकला होता, "साहेब, आता कधी तापणार नाही" म्हणाला होता. शब्दाला जागला माणूस, हिवाळ्यातसुद्धा तापू दिली नाही! या व्हॉल्वचं काम एवढंच की इंजिन ८२-८८ डिग्रीला पोहोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही. तोच नसला की पहिल्या मिनिटापासून पाणी गार होत राहतं, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. उन्हाळ्यात हे एवढं जाणवत नाही, पण ८ डिग्रीच्या वाऱ्यात हायवेला पळवली की इंजिन कधीच पूर्ण तापत नाही.

तुमच्या गाडीला हे आहे का बघायला यंत्र लागत नाही. दहा-बारा किलोमीटर गेल्यावरही हीटरची हवा कोमट असेल किंवा टेम्परेचरची सुई खालीच पडून असेल तर व्हॉल्व एकतर उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढून ठेवलाय. सीएनजीवाल्यांनी तर नक्की बघा, कारण बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन गरम झाल्यावरच सीएनजीवर जातात. इंजिन तापायला वेळ लागला की तेवढा वेळ पेट्रोलच जळतं.

सायखेड्याच्या पुढे द्राक्षबागांतून धूर दिसत होता, थंडीपासून द्राक्षं वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या. एका बागेपाशी थांबलो, बांधावर काका शेकत बसले होते, मफलर कानावरून हनुवटीपर्यंत. म्हणाले, "मणी तडकले की वर्षाचं गेलं, तुमची गाडी काय, पेट्रोल टाकलं की चालती." बरोबरच आहे त्यांचं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा आपण पेपरात वाचतो आणि सोडून देतो, यांची झोप उडते.

पार्किंगमधली ती दहा मिनिटं आणि धुकं धरून उशीर झालाच. तरी चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या, जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर दिसल्या. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, गोदावरी-कादवाच्या संगमावरचं. गाईड घ्या, नुसत्या डोळ्यांना सगळी बदकंच दिसतात.

सोमवारी नवीन व्हॉल्व आणि कूलंट टाकून घेतलं. मेहुण्याने आणखी एक पकडलं, टायर. मी हवा नेहमी दुपारी, गाडी पळवून आणल्यावर ३३ भरायचो. तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो. नाशिकला दुपारी ३० आणि पहाटे ८, म्हणजे चार पीएसआय गेलेच, सकाळी मोजली तर २९. हवा सकाळी गाडी हलवायच्या आत मोजायची, छोटा गेज घरी ठेवा. नायट्रोजन भरलाय म्हणून निवांत राहू नका, थंडीत तोही तेवढाच आकसतो.

हीटर बिनधास्त लावा, ती इंजिनचीच फुकटची उष्णता आहे. काचेवरची वाफ घालवायला एसी लागतो, तिथे पेट्रोल वाचवत बसू नका, रस्ता दिसणं महत्त्वाचं. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, घट्ट टाकलं की सकाळी इंजिनला जड जातं. आणि सकाळची किरकोळ कामं एकाच फेरीत उरका. शाळा दोन किलोमीटर, घरी परत, तासाभराने डेअरी एक किलोमीटर, यात इंजिन एकदाही धड तापत नाही आणि खरं पेट्रोल इथेच जातं. माझ्या मते व्हॉल्व, हवा आणि या फेऱ्या एवढंच बघा. ती पेट्रोलमध्ये टाकायची बाटली पंपावर गळ्यात मारतात ती घेऊ नका.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या रविवारी परत गेलो. तोच रस्ता, तीच माणसं, धुकं जरा कमी. मीटरवरच्या ॲव्हरेजवर माझा विश्वास नाही, म्हणून त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरून निघालो आणि येताना तिथेच परत ऑटो कटपर्यंत भरलं. १८ ला जरासं कमी. यातला थोडा फरक धुक्याचा पण असेल. थंड हवा दाट असते, त्यामुळे उन्हाळ्यात याच रस्त्याला मिळतं त्यापेक्षा थोडं कमीच धरा, ८०-९० ला ते जाणवतं, मी ७० वर ठेवली होती.

या वेळी साडेपाच म्हणजे साडेपाचलाच निघालो. येताना मिसळ खाल्ली, दोनदा तर्री घेतली, त्या खर्चात वाचलेलं पेट्रोल गेलं.