सील दोन, एस्टिमेट असेंब्लीचं

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगून टाकतो. जुन्या स्पोर्ट्स बाइकचं सस्पेन्शन सुधारायला महागडे शॉकअप लागत नाहीत. ताजं ऑइल, धड सील, नीट बसवलेला सॅग (आपल्या वजनाने गाडी किती दबते ते) आणि ग्रीस, एवढ्यात नव्वद टक्के काम होतं. माझं पाच हजारांच्या आत झालं. मनस्ताप झाला तो एका काउंटरवर, आणि खरं सांगायचं तर तो बाहेर काढायलाच हे लिहितोय.

गाडी 2012 ची सीबीआर 250आर. होंडाने ती भारतात 2011 ला आणली, बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंद झाली. इंजिनाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण कात्रज-देहूरोड बायपासवर पुलाच्या जोडावरून गेलं की पुढचं चाक उगाच आणखी दोनदा खालीवर व्हायचं. ब्रेक मारला की नाक खाली. भोरहून वरंधा घाट उतरताना तर वळणात शिरल्यावर गाडी आपली जागा शोधत बसायची. त्यात पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या डाव्या पाइपवर तेलाची रिंग दिसायला लागली. म्हणजे आतलं तेल अडवणारं रबरी सील गेलं.

पुण्यातल्या एका मोठ्या मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये गाडी नेली. काचेचं दार, एसी, कॉफीचं मशीन. नाव लिहीत नाही. ॲडव्हायझरने टॅबवर बोट फिरवलं, पुढून एकदा गाडी दाबली आणि एस्टिमेट काढलं: फोर्क असेंब्ली डावी, फोर्क असेंब्ली उजवी, लेबर, कन्झ्युमेबल्स. म्हणजे दोन्ही बाजूंचे अख्खे फोर्क. रक्कम पाच आकडी.

"अहो, एका बाजूचं सील गळतंय फक्त."

"सील वेगळं येत नाही सर. असेंब्लीच येते."

हे वाक्य लक्षात ठेवा, तुम्हालाही ऐकायला मिळणार आहे. कुठल्याही टेलिस्कोपिक फोर्कमध्ये ऑइल सील, डस्ट सील, सर्क्लिप हे वेगवेगळे पार्ट असतात आणि पार्ट कॅटलॉगच्या चित्रात सुटे सुटे दाखवलेले असतात. मी मोबाइलवर ते चित्र काढून दाखवलं. त्याने दोन बोटांनी झूम केलं, मान हलवली आणि म्हणाला, "सर, हे फॉरेनच्या गाडीचं असेल."

मग म्हणे, पार्ट नंबर द्या. दिला. आता होंडाच्या नंबराची गंमत सांगतो, कारण सगळं घोडं इथेच अडलं. पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात. पुढच्या फोर्कचा सील सेट म्हणजे 51490. मधली तीन अक्षरं तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात. सीबीआर 250आरची अक्षरं केवायजे. पण कंपनी तोच पार्ट पुढे दहा गाड्यांना लावते आणि नंबर जुनाच ठेवते. त्यामुळे तुमच्या गाडीच्या पार्टवर भलत्याच गाडीची अक्षरं असू शकतात, आणि तरी तो पार्ट शंभर टक्के तुमचाच असतो. काउंटरवरचा मुलगा मात्र माझ्या नंबरातली मधली अक्षरं खोडून तिथे केवायजे टाकून शोधत होता. "सिस्टीम दाखवत नाही सर." दाखवेल कशी? असा नंबर अस्तित्वातच नाही. मी म्हटलं, जसा दिलाय तसा टाका. तो म्हणाला, "पण ती तुमची गाडी नाही." माझी गाडी त्याच्या पाठीमागे उभी होती.

शेवटी सीनियर आला, ॲडव्हान्स घेतला, ऑर्डर लावतो म्हणाला. पावती मागितली तर "व्हॉट्सॲपवर येईल." आला तो एक मेसेज: पार्ट अवेटेड. पुढच्या आठवड्यात तोच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. फोन केला की "सर, वेंडरकडे फॉलोअप चालू आहे." गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धी आत, अर्धी पावसात. मी एकदा जाऊन सीट पुसून आलो, तर वॉचमन विचारतो, "साहेब, ही विकायचीये का?"

मग एक दिवस फोन आला, पार्ट आलाय. सील हातात घेतलं. ऑइल सीलच्या तोंडावर माप कोरलेलं असतं. पहिला आकडा आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा उंची. माझ्या गाडीचा फोर्क पाइप 37 मिलिमीटरचा आहे. सीलवर पहिला आकडा 33.

"हे बसणार नाही."

"बसेल सर, रबरच आहे ना."

यावर काय बोलणार? ॲडव्हान्स परत मागितला, तर क्रेडिट नोट देतो म्हणाले, पुढच्या सर्व्हिसला वळती होईल. मी तिथेच कॉफीच्या मशीनशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजेपर्यंत उठलो नाही. घरची मंडळी मला हट्टी म्हणतात, त्याचा असा उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्या दुकानातल्या शेठनी कागदावरचा नंबर चष्मा वर करून वाचला आणि न उठता पोऱ्याला सांगितलं, "वरच्या खणात बघ." दोन सील, दोन डस्ट सील, तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर, विषय संपला. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला.

पुढचं काम आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे. चाक, कॅलिपर, फोर्क खाली. फोर्क काढण्याआधी वरची टोपी गाडीवरच ढिली करून घ्या: वरच्या टीचा (फोर्क पकडणाऱ्या क्लॅम्पचा) बोल्ट सैल, खालच्या टीचा घट्ट. नंतर व्हाइसमध्ये पाइप धरून टोपी खोलायला गेलात तर पाइपवर ओरखडे येतात. टोपी सुटताना हाताने दाबून धरा, खाली स्प्रिंग असते. आतून निघालेलं ऑइल काळपट करडं होतं आणि त्याला कुजक्या माशासारखा वास होता. ॲल्युमिनियमची झीज त्यात तरंगत असते. बारा वर्षांत पाना लागल्याची खूण दिसली नाही, तेव्हा वास येणारच.

मिस्त्रींचं म्हणणं, "20डब्ल्यू टाकू, कडक होईल." कुणी कुणी तर सरळ इंजिन ऑइल ओततात. मी नको म्हटलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा मोठा म्हणजे साधारणपणे ऑइल जाड. या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक मापाच्या भोकांतून जातं. सावकाश हालचालीत जाड ऑइल छान वाटतं, पण स्पीडब्रेकरच्या धारेवर चाक झटकन वर आलं की ते ऑइल भोकातून जात नाही आणि धक्का थेट मनगटाला बसतो. 10डब्ल्यूच टाकलं. ब्रँड बदलणार असाल तर डब्याच्या पुढच्या आकड्यावर जाऊ नका. एका कंपनीचं 10 दुसऱ्या कंपनीच्या 15 च्या जवळ जाऊ शकतं. डेटाशीटमध्ये 40 अंशांवरचा सेंटिस्टोकचा (ऑइलची जाडी मोजायचं एकक) आकडा बघा. आणि ऑइल मिलिलिटरवर सोडू नका. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, पाइप वरखाली करून हवा काढलेली, अशा वेळी पाइपच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा. मॅन्युअलमध्ये हा आकडा असतो. मोठ्या सिरिंजने जास्तीचं ओढून घ्या. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं.

सॅग म्हणजे आपण बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं ते. पुढचं चाक अधांतरी असताना फोर्क पाइपचा उघडा भाग मोजायचा, मग हेल्मेट-जॅकेटसह बसून परत मोजायचा. फरक म्हणजे सॅग. रस्त्यावरच्या गाडीला पुढे 30 ते 40 मिमी ठीक. माझं वजन ऐंशीच्या वर आहे. फरक 52 आला. या फोर्कचा एकूण प्रवास सुमारे 118 मिमी, म्हणजे जवळपास निम्मा मी बसल्याबसल्याच खात होतो. या गाडीला पुढे प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची, सोय नाही. मग स्प्रिंगच्या वर 15 मिमीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना सपाट वॉशर. तुकडा मी घरी करवतीने कापला आणि कडा पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत केल्या की मिस्त्री हसले. सॅग 37 वर आला. स्प्रिंग यामुळे कडक होत नाही, फक्त गाडी वर उभी राहते आणि प्रवासाचा योग्य भाग वापरात येतो.

मागचा मोनोशॉक (एकच शॉकअप) प्रीलोडच्या पाच पायऱ्यांचा आहे. दोन पायऱ्या वाढवल्या. त्याच्या लिंकेजचे (त्याला मागच्या चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या दांड्यांचे) सांधे सोडवले तर ग्रीसचा मागमूस नाही, नुसता गंज. रॉकेलने धुऊन ग्रीस भरलं आणि मागची बाजू लगेच मोकळी झाली. शॉकअप बदलायचा विचार असेल तर आधी हे करा, निम्म्या वेळा तो बिचारा निर्दोष असतो. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, तेही बघून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी खटका लागत असेल तर ती तक्रार फोर्कची नाही.

फोर्क पाइपवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलसुद्धा महिन्यात जाईल. बारीक ठिपके 1500 नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून घासता येतात. खोल असतील तर भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक रॉडला हार्डक्रोम करणारे जॉबवर्कवाले आहेत, त्यांना विचारा. माझे पाइप सुदैवाने स्वच्छ होते.

फोर्क पाइपला डस्ट सीलला टेकवून एक केबल टाय बांधून ठेवलाय. राइडनंतर तो कुठवर सरकला ते बघायचं. सध्या जोरदार ब्रेकिंगनंतरही टोकापासून थोडा अलीकडे थांबतो. बायपासच्या जोडावर गाडी एकदाच दबते आणि सरळ होते.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: सील गळतंय म्हणजे गेलंच असं नाही. कित्येकदा सीलच्या ओठाखाली (आतल्या कडेखाली) धूळ अडकलेली असते. डस्ट सील वर सरकवा, जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी सीलच्या ओठात घालून पाइपभोवती एक फेरी मारा, पुसून घ्या, दोन दिवस चालवून बघा. थांबलं तर नाना पेठेलाही जायला नको.