आमची वाटचाल : एकाच झाडाची रोपवाटिका

आमच्या रोपवाटिकेत एकच झाड मिळतं, लॅव्हेंडर. गुलाब-मोगरा का ठेवत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. या एकाच झाडाचं नीट करायला आम्हाला अख्खं वर्ष पुरत नाही, हेच त्याचं उत्तर.

सुरुवात घरच्या गच्चीत बियांपासून झाली. लॅव्हेंडरचं बी उगवायला वेळ घेतं. आधी काही आठवडे ओलसर करून फ्रीजमध्ये ठेवायचं, मग मातीवर नुसतं भुरभुरवायचं, कारण त्याला उजेड लागतो. त्यानंतरही कोंब दिसायला 2 ते 4 आठवडे जातात. एवढं करून एकाच पाकिटातली रोपं उंचीला, रंगाला, वासाला वेगवेगळी निघतात. ‘हिडकोट’ ही लॅव्हेंडरची एक जात; त्या नावाने मागितलेलं रोप हिडकोटच असलं पाहिजे, अशी आमची भूमिका. फांदीच्या तुकड्यापासून केलेलं कलम मूळ झाडासारखंच निघतं, म्हणून आम्ही कलमांकडे वळलो. ‘ग्रोसो’सारख्या लॅव्हेंडिन जातींना, म्हणजे दोन लॅव्हेंडरांच्या संकरांना तर उगवणारं बी धरतच नाही, तिथे कलमाशिवाय मार्गच नाही. फूल न आलेल्या फांदीचा 8 ते 10 सेंमीचा शेंडा, खालची पानं काढून, वाळू आणि परलाईटमध्ये (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) लावायचा. साधारण 3 ते 6 आठवड्यांत मुळं धरतात.

धंद्याला खरं वळण मिळालं ते रोप विकल्यानंतरच्या फोनांमुळे. “रोज पाणी घालतोय, तरी सुकतंय.” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्यावरच काम करायचं ठरवलं. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड तहानलेल्यासारखं माना टाकतं. घरचा माणूस काळजीने आणखी पाणी घालतो. तिथेच रोप जातं.

लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. त्याला कोरडी मुळं आवडतात. तेव्हापासून आम्ही नुसत्या कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याचा भुसा) रोप विकत नाही. कोकोपीट ओल धरून ठेवतं. आमच्या मिश्रणात जवळपास निम्मा भाग जाडसर वाळू आणि परलाईट, बाकी बागेची माती आणि अगदी थोडं कंपोस्ट. सामू (pH, मातीचा आम्ल-अल्कपणा) 6.5 ते 7.5च्या दरम्यान. खत वाढवलं तर पानं माजतात, फुलं आणि वास दोन्ही कमी होतात. कुंडी मातीची, खाली मोठं भोक, आणि बशी नको. पाणी कधी घालायचं? बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला, पण घालाल तेव्हा खालून वाहून जाईपर्यंत.

आता ऑर्डर घेण्याआधी आम्हीच प्रश्न विचारतो. थेट ऊन किती तास येतं? सहापेक्षा कमी असेल तर आम्ही रोप देत नाही. त्यामुळे काही ऑर्डरी जातात, आणि त्या जाणं आम्हाला मान्य आहे. हवा दमट आणि उबदार असेल तर अंगुस्टिफोलिया या लॅव्हेंडरचा आग्रह सोडायला सांगतो; ती जात थंड, कोरड्या हवेची. त्याऐवजी कातरलेल्या पानांची डेंटाटा ही लॅव्हेंडरचीच जात घ्या. वास थोडा कापरासारखा, पण टिकते. मांजर किंवा कुत्रा असेल तर तेही सांगा. लॅव्हेंडर खाल्लं तर त्यांना बाधतं, कुंडी उंचावर हवी.

छाटणी मात्र आम्ही प्रत्येकाला हातात कात्री देऊन शिकवतो. बहर ओसरला की हिरव्या भागाचा एक तृतीयांश कापायचा, पानं नसलेल्या जून लाकडात कात्री घालायची नाही. तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही. छाटणीच झाली नाही तर काही वर्षांत झाड खालून उघडं पडतं. असं झाड घरी असेल तर फेकू नका, आमच्याकडे आणा. शेंड्यांना हिरवी फूट असली तर आम्ही त्याचीच कलमं करून देतो.