जुन्या कॅसेट आणि काइतोरीचा काउंटर

जपानमध्ये जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट स्वस्तात मिळवणं अवघड नाही. अवघड आहे ते त्यातल्या नको असलेल्या विकणं. आणि त्या विकता आल्या नाहीत, तर स्वस्त घेतलेलं स्वस्त राहत नाही. हे गणित मला एका दुकानात ताटकळत बसल्यावर नीट कळलं. अजूनही माझी बस त्या दुकानावरून गेली की डोकं फिरतं. दुकानाचं नाव लिहीत नाही.

मला हवी होती कोनामी कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’ या गेमची कॅसेट. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी ‘टीव्ही गेम’ होता त्यांना जास्त सांगायला नको. आपल्याकडची ती यंत्रं म्हणजे जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फामिकॉम या गेम यंत्राची नक्कल. कॅसेटच्या खाचेत पिनासुद्धा तेवढ्याच, ६०. म्हणून जपानी फामिकॉमची मूळ कॅसेट त्यात सरळ बसते. अमेरिकेत विकलेल्या यंत्राला ७२ पिना, तिथे हे जमत नाही. शिवाय कॉन्ट्राची १९८८ ची जपानी आवृत्ती खास आहे. कोनामीने तिच्यात स्वतःची चिप घातली, त्यामुळे जंगलाच्या टप्प्यात झाडं हलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडताना दिसतो आणि मधेमधे नकाशा नि चित्रं येतात. अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही. आम्ही डोंबिवलीत ज्या पिवळ्या कॅसेटवर खेळलो, तिच्यात एक पान हलल्याचं मला आठवत नाही.

भारतातून आलेला प्रत्येक जण आधी टोकियोतल्या आकिहाबाराला धावतो. जरूर जा. तिथलं सुपर पोटॅटो हे जुन्या गेमचं दुकान बघण्यासारखं आहे, वरच्या मजल्यावर जुनी आर्केड यंत्रं आहेत, माझ्याकडे पाहुणे आले की मीच त्यांना तिथे नेतो. नाकानो ब्रॉडवे या बाजारातलं मांदाराके हे दुकानही तसंच. पण तिथे स्वस्त शोधायला जाऊ नका. त्यांना प्रत्येक कॅसेटची किंमत पाठ असते, आणि समोर पर्यटकांची रांग. नुसती कॉन्ट्रा, ना खोका ना पुस्तिका, पाच हजार येनच्या वर होती. मी हात मागे घेतला.

खरा माल शहराबाहेर असतो. टोकियोशेजारच्या सायतामा, चिबा इथल्या हमरस्त्यांवर, पार्किंगवाली मोठी बैठी दुकानं असतात ना, तिथे. हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात निळ्या क्रेटमध्ये ‘जंक’ भरून ठेवलेलं असतं. जंक म्हणजे चालेल की नाही याची हमी नाही, परत घेणार नाही, तक्रार करायची नाही. लोक हे वाचून घाबरतात. पण पुष्कळ वेळा जंक म्हणजे बिघडलेलं नव्हे, तपासायला कोणाला वेळ नव्हता एवढंच. फामिकॉमच्या कॅसेटमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतंच. खालच्या पट्टीवरचे धातूचे दात काळे पडलेले असतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले की दहातल्या आठ-नऊ चालू होतात. लहानपणी आपण फुंकर मारायचो, ती मारू नका, थुंकीने दात आणखी गंजतात.

क्रेट चाळायची एक पद्धत आहे. कॅसेट उभ्या रचलेल्या असतात, वरची कड तेवढी दिसते. प्रत्येक काढून बघायला गेलात तर संध्याकाळ होईल आणि बोटं काळी होतील ती वेगळीच. म्हणून हव्या त्या गेमच्या प्लॅस्टिकचा रंग आणि कडेवरच्या पट्टीतलं अक्षरांचं वळण आधी फोनवर बघून ठेवा. जपानी वाचता येत नसलं तरी चालतं. कॉन्ट्राची तीन कांजी अक्षरं मी कुंडलीतल्या खुणांसारखी घोकून ठेवली होती. आणि कॅसेट उलटून बघा. कित्येकींच्या पाठीवर मार्करने कुठल्यातरी पोराचं नाव असतं, हिरागाना लिपीत, वाकडंतिकडं. संग्राहकांना ते चालत नाही, त्यामुळे अशा कॅसेट बऱ्याच स्वस्त लागतात. मला तर त्याच आवडतात.

कॉन्ट्रा मला क्रेटमध्ये मिळाली नाही. ती मिळाली एका पारदर्शक पिशवीत. काही दुकानं नकोशा कॅसेटचा गठ्ठा बांधून एकाच किमतीला लावतात. त्या पिशवीत बाहेरून बेसबॉल, माहजोंग आणि पुन्हा बेसबॉल दिसत होतं. कोपऱ्यात मात्र ती तीन अक्षरं. किंमत ३,३०० येन. मी पिशवी उचलली आणि आजूबाजूला न बघता सरळ गल्ल्यावर गेलो.

आता हिशेब बघा. बेसबॉल मला नको, माहजोंग येत नाही. ते विकून हजारएक येन आले, तर कॉन्ट्रा आकिहाबाराच्या निम्म्या भावात पडली. जुन्या वस्तूंच्या बहुतेक दुकानांत ‘काइतोरी’ असं लिहिलेला काउंटर असतो, तिथे दुकान तुमच्याकडून माल घेतं. मी पिशवी घेऊन घराजवळच्या अशाच एका दुकानात गेलो. आणि तिथे अडकलो.

जपानमध्ये जुनी वस्तू दुकानाला विकायची तर ओळखपत्र लागतं. जुन्या मालाच्या व्यवहाराचा कायदा १९४९ चा आहे, चोरीचा माल खपू नये म्हणून केलेला. एरवी दहा हजार येनच्या आतल्या व्यवहाराला ओळख पटवण्यातून सूट आहे. पण गेम, सीडी, डीव्हीडी आणि पुस्तकं यांना ती सूट नाही, कारण दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात विकायला याच वस्तू सोप्या. म्हणजे दहा येनची बेसबॉलची कॅसेट विकायची तरी तुमचं नाव, पत्ता, वय, व्यवसाय नोंदवावाच लागतो. याबद्दल माझी तक्रार नाही. माझं रेसिडेन्स कार्ड खिशात होतं, पत्ता बरोबर होता. माझी तक्रार टॅब्लेटबद्दल आहे.

काउंटरवरच्या मुलाने पिशवी घेतली, नंबरची चकती दिली आणि टॅब्लेट पुढे केला. त्यात दोन चौकटी, आडनाव आणि नाव. कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा, असं वर बजावलेलं. माझ्या कार्डावर पासपोर्टप्रमाणे आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव, रोमन अक्षरांत. कुलकर्णी बसलं. मग ‘मंदार पांडुरंग’ लिहायला लागलो, तर दहा अक्षरांनंतर टॅब्लेट पुढे सरकेना. चौकटीत उरलं ‘मंदार पान’. नुसतं मंदार लिहून पाहिलं. मुलाने कार्डाशी ताडून बघितलं, दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, जुळत नाही. आडनावाच्या चौकटीत जागा शिल्लक होती म्हणून पांडुरंग तिकडे सरकवू का विचारलं. तेही जुळत नाही. नाव काताकाना या जपानी लिपीत लिहायच्या चौकटीत तर आणखी मजा. तिला अर्ध्या रुंदीची अक्षरं चालत नव्हती, आणि दोन नावांमधली मोकळी जागासुद्धा पूर्ण रुंदीचीच हवी. दर वेळी लाल अक्षरांत तीच ओळ, आणि पान पुन्हा कोरं.

मुलाने मॅनेजरना बोलावलं. मॅनेजर अतिशय सभ्य. कार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, हा शेवटचा शब्द काय आहे? म्हटलं, वडिलांचं नाव. त्यांचा चेहरा एकदम उजळला. वडिलांचं नाव असेल तर त्यासाठी खाली वेगळी चौकट आहे की! त्यांनी बोट ठेवलं ती चौकट पालकांची होती, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि तिच्याखाली पालकांच्या संमतीची जागा. माझं वय चाळिशीला टेकलंय, अर्धे केस पांढरे. मी सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे वडिलांचं नाव हे मुलाच्या नावाचाच भाग असतं, लग्न झालं, नोकरी लागली तरी ते सुटत नाही. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मग म्हणाले, कृपया थोडा वेळ थांबा, आणि फोन करायला आत गेले.

थोडा वेळ म्हणजे किती, हे जपानमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. दुकानात खुर्च्या दोन, दोन्हींवर माणसं. मी शेल्फांमधून फेऱ्या मारत होतो. दर थोड्या वेळाने कोणाचा तरी नंबर पुकारला जायचा. माझ्यामागून आलेला एक आजोबा कॉमिकचे तीन खोके विकून पैसे मोजत गेलासुद्धा. तासाभराने माझा नंबर आला. दोघंही वाकून उभे. कॅसेटची किंमत काढून झाली होती, एकूण ९४० येन. छापील पावतीवर प्रत्येक कॅसेटची वेगळी ओळ. बेसबॉलला बहुतेक ओळीत दहा येन, एका माहजोंगला मात्र शंभर, का ते देव जाणे. पण नाव जुळत नसल्यामुळे हे पैसे देता येणार नाहीत, मनापासून क्षमस्व. पिशवीला टेप लावून, वर हँडल चिकटवून, दोन्ही हातांनी मला परत दिली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बसभाडं धरलं तर मसाला आणखी महाग.

राग पैशांचा नव्हता. या देशात माझं बँकेत खातं आहे, घरभाड्याचा करार आहे, आरोग्य विमा आहे. सगळीकडे पांडुरंग कसाबसा बसवला गेलाय. कुठे नावाला चिकटून, कुठे मोकळ्या जागेशिवाय. आणि दहा येनच्या बेसबॉलपाशी येऊन अडला.

काही दिवसांनी हट्टाने तीच पिशवी घेऊन त्याच दुकानात गेलो, या वेळी कामावरून सुटल्यावर रात्री. काउंटरवर एक वयस्क बाई होत्या. मी टॅब्लेटला हात लावण्याआधीच कार्ड पुढे केलं आणि म्हटलं, नाव लांब आहे. त्यांनी कार्डाकडे बघितलं, खालचा ड्रॉवर उघडला आणि कागदाचा फॉर्म काढला. साधा, कार्बन लावलेला. चौकटीबाहेर गेलं तरी चालेल, म्हणाल्या. मी कुलकर्णी मंदार पांडुरंग असं समासापर्यंत लिहिलं. त्यांनी कार्डाचा नंबर उतरवून घेतला आणि कॅसेट पुन्हा मोजल्या. चहा पिऊन होईल एवढ्या वेळात निळ्या तबकात ९४० येन. तो ड्रॉवर त्या मुलाच्या गुडघ्यापाशीच होता.

तेव्हा वडिलांचं नाव कार्डावर असलेल्यांनी पहिल्या वाक्यातच कागदी फॉर्म मागावा. ‘कामी दे ओनेगाई शिमासु’ म्हटलं की पुरतं. टॅब्लेटशी झटापट झाल्यावर मागितलात तर काउंटरवरचा माणूस नियमात शिरलेला असतो, मग त्याला बाहेर काढणं कठीण. आणि घर बदललं असेल तर कार्डाच्या मागे वॉर्ड ऑफिसकडून नवा पत्ता नोंदवलेला हवा, तो काउंटरवर हमखास बघतात.

बाकीचं आठवेल तसं सांगतो. किंमत पडताळायला सुरुगाया या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाच्या साइटवरचा भाव बघा, दुकानवालेही बघतात. पण दुकानात फोटो काढू नका, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. वर्षाअखेरीस घरं साफ होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये लोक बिऱ्हाडं हलवतात, त्यानंतरच्या आठवड्यांत क्रेट भरलेले असतात. शनिवारी सकाळी मात्र दुकान उघडायच्या आधीच पुन्हा विकणारे दलाल दारात उभे असतात, त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मी आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी जातो.

सुपर फामिकॉमची, म्हणजे फामिकॉमनंतरच्या यंत्राची, कॅसेट घेताना लक्षात ठेवा, ज्यांत खेळ साठवता येतो त्यांच्या आत सहसा नाण्याएवढी बॅटरी झाळलेली असते, आणि तीस वर्षांनी ती मेलेली असू शकते. मग खेळ चालतो, साठवलेलं राहत नाही. झाळकाम येत असेल तर भाव पाडून घ्यायला हे चांगलं कारण आहे. गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब असतील तर सोडून देऊ नका, आतली पट्टी झाळणीने नीट तापवली की बहुतेक वेळा परत येतात. पण सेगा कंपनीचं तसंच यंत्र, गेम गिअर, जंकमध्ये कितीही स्वस्त दिसलं तरी कपॅसिटर बदलायची तयारी असल्याशिवाय घेऊ नका. आणि फामिकॉमला जोडायच्या डिस्क सिस्टिमचा आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असतो, तो बदलावाच लागतो.

पुण्यातल्या माझ्या चुलतभावाने हे ऐकून लगेच फोन केला, मलाही एक फामिकॉम पाठव म्हणून. पहिला लाल-पांढरा फामिकॉम पाठवणार नाही असं त्याला सांगितलं. तो फक्त आरएफने, म्हणजे अँटेनाच्या तारेतून, टीव्हीला जोडता येतो, आणि जपानची वाहिनी आपल्या टीव्हीवर धरताना जीव जाईल. १९९३ मध्ये निघालेलं नवं मॉडेल महाग पडतं, पण त्याला एव्हीची तार लागते. मूळ अॅडॉप्टर १०० व्होल्टचा, तो २३० च्या सॉकेटमध्ये घातलास तर धूर निघेल, मधे ट्रान्सफॉर्मर घे. त्याने विचारलं, कॉन्ट्रापण पाठवशील? म्हटलं, बेसबॉल पाठवतो.