तुम्ही विचारलंत म्हणून: लेझर का करून घेत नाही?

लग्नकार्यात दुपारची पंगत उठली की मी साबणाने हात धुऊन, ते कोरडे करून, एखाद्या खोलीत टेबलापाशी बसते. पर्समधून आरसा, सलाइनची कुपी आणि डोळ्यातली लेन्स काढा-घालायचा छोटा रबरी प्लंजर काढते. तेवढ्यात कुणीतरी हमखास विचारतं, "हा एवढा व्याप कशाला गं? लेझर करून एकदाचा नंबर घालवून टाक ना." आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या शेजारीणबाई तर जिन्यात भेटल्या की, "लेसर करावी लो ने, बेन!" माया असते त्यामागे. पण जिन्यात उभ्याउभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून आज बसून सगळं सांगते.

मला केराटोकोनस आहे. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. माझा त्याहून पातळ होत गेला आणि आतल्या दाबाने पुढे येऊ लागला. गोलाई जाऊन टोक आलं. लेझरने नंबर काढताना याच पडद्याचा काही भाग काढून त्याला नवा आकार देतात. म्हणजे माझ्याकडे जे मुळात कमी आहे, तेच आणखी कमी करायचं. असा डोळा लेझरनंतर जास्तच ढासळू शकतो. काही निवडक रुग्णांना उपचाराचा भाग म्हणून थोडं लेझर देतात, पण ते पडद्याचा खडबडीतपणा कमी करायला. त्याने चष्मा सुटत नाही.

पहिली शंका मला कोजागिरीला आली. मी १९ वर्षांची होते. गच्चीवर आटीव दूध, शेजारून आलेला दूधपौंआचा वाडगा, आणि वर स्वच्छ आभाळ. सहज डावा डोळा मिटला, तर उजव्याने चार-पाच चंद्र दिसले. एकाखाली एक, थोडे थोडे सरकलेले, आणि सगळ्यात खालच्याला शेपटीसारखा उजेड. मग उजवा मिटला. डाव्याने दोन. मी आईला सांगितलं, ती म्हणाली, जागरणं फार होतायत तुझी.

त्याआधीची दोन वर्षं चष्मे बदलण्यात गेली होती. दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा, नंबर वाढायचा, त्याचा कोन म्हणजे अ‍ॅक्सिस बदलायचा, आणि मला नवी काच मिळायची. नंबर इतक्या झपाट्याने का पळतोय, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ती दोन वर्षं परत मिळाली असती तर उजवा डोळा आज बराच बरा असता. म्हणून कुणाच्या मुलाचा सिलिंडर सारखा वाढतोय असं कानावर आलं, की मी न विचारता मध्ये बोलते. टोपोग्राफी करून घ्या म्हणते. दुखत नाही, डोळ्याला सुई लागत नाही. मशीनपुढे हनुवटी टेकवून बसायचं, कॉर्नियाच्या चढउताराचा रंगीत नकाशा निघतो. माझ्या नकाशात खालच्या बाजूला लाल डाग होता. सपाट भाग निळा दिसतो, उंचवटा लाल.

नकाशा बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "डोळे चोळता का?" चोळत होते. बडोद्याचा उन्हाळा सुरू झाला की मला ऍलर्जीची खाज सुटायची, आणि मी बोटांची पेरं डोळ्यांत रुतवून, बरं वाटेपर्यंत चोळायची. या आजाराचं कारण एकच नसतं, काही घराण्यांत तो चालतही येतो. पण चोळण्याने तो वाढतो. तेव्हापासून खाजेवर औषधाचे थेंब, थंड पाण्याची घडी, आणि हात मांडीवर. रात्री झोपेत चोळू नये म्हणून सुरुवातीला प्लास्टिकची ढापणं लावून झोपायची.

मग क्रॉसलिंकिंग. आपल्याकडे त्याला सीथ्रीआर म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यामुळे माझ्या नशिबी ते होतं. त्याआधीच्या रुग्णांना आजार वाढताना नुसतं बघावं लागे. पुढे कॉर्निया बदलायची वेळ आली तर आली. नेहमीच्या पद्धतीने करायचं तर पडदा साधारण ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, तरी जाड हवा, नाहीतर आतल्या पेशींना इजा होते. माझा उजवा त्याच्या जरासाच वर होता.

डोळा बधिर करून वरचा पातळ थर खरवडतात. मग रिबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब अर्धा तास टाकत राहतात. त्यानंतर अर्धा तास जांभळट निळ्या दिव्याकडे बघत पडून राहायचं. त्या किरणांनी आणि औषधाने पडद्यातल्या कोलॅजेनच्या धाग्यांत नवे बंध तयार होतात आणि तो घट्ट होतो. दिव्याखाली काही दुखलं नाही. दुखलं ते संध्याकाळी. मिरचीचा हात डोळ्यात गेल्यासारखं, आणि ते थांबेच ना. आईने खिडकीला जुन्या साड्या बांधल्या, आणि धूर होऊ नये म्हणून तीन दिवस घरात फोडणी केली नाही. सगळ्यांनी कुकरातला वरण-भात खाल्ला. जखमेवर पट्टीसारखी बसवलेली बँडेज लेन्स पाचव्या दिवशी निघाली, पण पुढचे काही आठवडे आधीपेक्षाही अंधूक दिसत होतं. हे मला आधी नीट सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. ज्यांना करायचंय त्यांनी विचारून ठेवा.

आणि हे पक्कं समजून घ्या की सीथ्रीआर आजार थांबवायला असतं, नंबर घालवायला नाही. माझा थांबला. डाव्याचंही पुढे करून घेतलं. दर वर्षी नकाशा काढून जुन्याशी ताडून बघतात.

राहिलं दिसण्याचं. चष्म्याची काच नुसती समोर उभी असते, पडद्याचे उंचसखल भाग तिला भरून काढता येत नाहीत. स्क्लेरल लेन्सला येतात. ही लेन्स मोठी आणि कडक, ती कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. मधल्या जागेत सलाइन. ते पाणीच खड्डे बुजवतं, आणि प्रकाशाला समोर गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. मी हिशेबाचं काम करते. पहिल्यांदा लेन्स घालून बिलांची फाइल उघडली तर ३ तो ३ आणि ८ तो ८. मी अख्खं पान मोठ्याने वाचून काढलं.

ती घालायची मात्र शिकावी लागते. आरसा टेबलावर आडवा ठेवायचा, मान पूर्ण खाली, लेन्स वाटीसारखी काठोकाठ भरून प्लंजरवर धरायची आणि तशीच वर न्यायची. डोळ्याला आधी पाणी लागलं पाहिजे. आत बुडबुडा राहिला तर काढा, परत भरा. पहिल्या आठवड्यात एकेका डोळ्याला पाऊण तास लागायचा, आता दोन मिनिटं. दुपारी तीनच्या सुमारास आतलं पाणी गढूळ होतं, समोर धुकं येतं. तेव्हा काढून नवं सलाइन भरायचं. लग्नात तुम्हाला दिसतो तो हाच व्याप. नळाचं पाणी लेन्सला कधीही लावायचं नाही, त्यातल्या जंतूंनी डोळा जाऊ शकतो. लेन्स घालून झोपायचंही नाही. खर्चही आहे, एकेक लेन्स हजारांत जाते. आणि लेन्स असूनही रात्री मी अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यातून, स्कूटर नेत नाही. समोरच्या दिव्यांचे फराटे अजून पसरतात.

परवा शेजारीणबाई पुन्हा भेटल्या. या वेळी प्रश्न त्यांच्या मुलीचा होता. माघात लग्न आहे, त्याआधी लेझर करून चष्मा घालवायचाय. मी मुलीला विचारलं, नंबर शेवटचा कधी बदलला? मार्चमध्ये. त्याआधी? दिवाळीत. बोलताना तिने दोनदा डोळा चोळला. मी तिला स्कॅनआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितलंय, नाहीतर नकाशा चुकीचा येतो. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. सोमवारची वेळ मिळालीय, मी तिच्याबरोबर जातेय.