घमेल्यावरचा कंदील

नाटकांचे लाइट करतोय त्याला पंधरा वर्षं झाली. चालू प्रवेशात सगळे दिवे आपल्या हाताने बंद करायची वेळ एकदाच आली, मुंबईच्या आरेतल्या एका आदिवासी पाड्यावर.

आरेत असे 27 पाडे आहेत. 2019च्या ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी इथली 2,000हून अधिक झाडं दोन रात्रींत तोडली गेली. त्यावर पाड्यातल्या बायकापोरांनी नाटक बसवलं होतं. शेणाने सारवलेला कट्टा हा रंगमंच, मागे जांभळाचं झाड आणि प्रेक्षक समोरच्या उतारावर. बिबट्याचा वावर असल्याने नऊच्या आत सगळं आटपायचं. जनरेटर नको, असं आम्हीच ठरवलं होतं. एका घरातून केबल ओढून सहा एलईडी पार, म्हणजे रंगमंचाचे गोल दिवे, लावले.

दुपारी वळवाचा पाऊस पडून गेला. हवा छान झाली म्हणून मी खुशीत होतो, हीच माझी चूक. अंधार पडला, दुसऱ्या प्रवेशासाठी मी पांढरे पार पूर्ण चढवले आणि पाच मिनिटांत वाळवीची पाखरं उठली. हजारोंनी. दिव्यांच्या काचा दिसेनात. तोडलेल्या झाडांची नावं घेत उभ्या असलेल्या मुलीने 'ऐन' म्हणायला तोंड उघडलं आणि पाखरू थेट आत गेलं. तिने थुंकून पुन्हा 'ऐन' म्हटलं. मला भरून आलं.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली. "भाऊ, तुजं दिवं बंद कर सगळं." मी फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या दांड्या, खाली ओढले. तिने घमेल्यात पाणी ओतलं, ते कट्ट्यापासून बरंच लांब नेलं आणि मधोमध दगडावर पेटता कंदील ठेवला. पाखरं तिकडे वळली. पाण्यावर पंखांची साय धरली.

अर्धा तास आम्ही काळोखात बसलो. कुणीही उठलं नाही. उतारावरून एकेक जण आपल्या ओळखीच्या झाडाचं नाव सांगू लागला: काटेसावर, पळस, उंबर, करंज. हे संहितेत नव्हतं.

पाखरांचा जोर ओसरला तेव्हा मी दोनच पार लावले, पिवळट केशरी, तेही अर्ध्यावर. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जितके येतात तितके केशरीवर येत नाहीत. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी पांढरा लावला होता. मुलीने 'ऐन'पासूनच पुन्हा सुरुवात केली.

आता तिथे जाताना पांढरा दिवा नेत नाही. घमेलं मात्र आधी मागून घेतो.