नाइस

गेल्या होळीला मी जन्मात पहिल्यांदा एकट्याने पुरणपोळ्या केल्या. नऊपैकी चार फुटल्या. उरलेल्या पाचांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर भाचीचं उत्तर आलं, ‘नाइस’. बाकी काही नाही, साधा बदामही नाही.

पुरण वाटून हात भरून आलेला माणूस एवढ्यावर गप्प बसत नाही. मी शब्दकोश उघडला, आणि पोरीने मला काय म्हटलंय ते कळलं. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्यातून झाला ‘नेस्कियुस’, अजाण. जुन्या फ्रेंचमधून फिरत इ.स. १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ सरळसरळ ‘मूर्ख’ असा होता. सायन्सही त्याच ‘स्किरे’चं. म्हणजे दोघं एकाच घरातले; एक शिकला, दुसरा नुसता गोड बोलून वर चढला.

चढला तोही कसा? मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात कधीतरी ‘छान’. तिथून तो जो सैल सुटला तो आवरेना. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत (१८१७) हेन्री टिल्नी याचीच थट्टा करतो: हवा नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस! त्या यादीत माझ्या पोळ्यांची भर.

‘सिली’ मात्र नेमका उलट घसरला. जुन्या इंग्रजीत तो ‘सेलिग’ होता, म्हणजे भाग्यवान, धन्य. धन्याचा भोळा झाला, भोळ्याचा बिचारा आणि बिचाऱ्याचा खुळा. आपल्याकडे तर प्रत्यक्ष सम्राट यातून सुटला नाही. सोपाऱ्याला ज्याच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, त्या अशोकाचं बिरुद ‘देवानांप्रिय’. पुढे संस्कृत पंडितांनी त्याचा अर्थ ‘मूर्ख’ लावला. (पंडितांच्या तोंडी लागू नये ते यासाठी.)

मराठीत आत्ता हीच पाळी ‘शहाणा’वर आलेली दिसते. पाळण्यातल्या बाळाला म्हटलं तर कौतुक, मिशा फुटलेल्याला म्हटलं तर भांडण. शिवाय दीडशहाणा आहेच, म्हणजे अर्धं शहाणपण जास्त झालं की गेलंच सगळं.

एवढं वाचून झाल्यावर मी भाचीला लिहिलं, ‘शहाणी गं माझी.’

लगेच फोन आला. ‘मामा, चिडलास का रे?’