ताम्हिणीच्या आधी : स्टेपनी, जॅक आणि जुन्या बाजारातला पाइप

पावसाळी ताम्हिणी घाटाच्या फेरीआधी पिकअपची पंक्चर-तयारी उरकायची होती, ती बरीचशी झाली. सोसायटीमागच्या सपाट काँक्रीटवर गाडी लावली आणि टायर धडधाकट असतानाच मागचं चाक बदलून पाहिलं.

कारवाल्यांना कल्पना नसते, पण पिकअपची निम्मी झटापट स्टेपनीशी असते. ती हौद्याखाली चेनला टांगलेली. बंपरजवळच्या भोकातून लांब दांडा घालायचा, आत खाचेत बसला की हाताला कळतं, मग उलटा फिरवायचा. आमच्या चेनवर गेल्या पावसाळ्याचा चिखल वाळून दगड झाला होता. तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावलं, आता एका हाताने उतरते. परत टांगताना व्हॉल्व्ह खालच्या बाजूला घेतला; हवा बघायला दर वेळी उतरवायला नको. आणि स्टेपनी काढायची ती जॅक लावण्याआधी. उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही.

टायरच्या दुकानात नट एअरगनने आवळतात, मग गाडीतला आखूड पाना हार मानतो. रविवारच्या जुन्या बाजारात जाड लोखंडी पाइप मिळाला. तो पान्यावर चढवला आणि चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा ढिले केले. आवळताना मात्र पाइप बाजूला. नट ज्यांवर बसतात ते स्टड ताणले जातात.

जॅक चेसिसला लावला तर मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) सैल होत चाक खालीच लोंबतं, जॅक संपतो तरी चाक सुटत नाही. म्हणून हाऊसिंगखाली, म्हणजे मागच्या आसाच्या नळीखाली, पाट्याजवळ लावला. मधल्या गोळ्याखाली नाही. बुडाशी जाड फळी. जरा उचलताच चाक मोकळं. काढलेलं चाक चेसिसखाली सरकवून ठेवलं, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल.

‘गिअरमध्ये आहे, कुठे जातेय!’ असं म्हणणारे भेटतात. मागचं एक चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ते मोकळं फिरतं आणि गिअर काही धरत नाही. हँडब्रेक हवाच, शिवाय पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे.

नट समोरासमोरचे, आलटून-पालटून. शेवटचं आवळणं गाडी खाली घेतल्यावर, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

रस्त्यावरचं माझं मत पक्कं आहे : पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर टायर बसला तर तिथे पाना काढायचा नाही. हॅझर्ड लावून, सावकाश, सपाट आणि रुंद जागा येईपर्यंत न्यायची. टायर फाटेल, फाटू दे. एक्सप्रेसवेवर तर सरळ रेलिंगपलीकडे उभं राहून मदत बोलवावी.

राहिलेलं काम : हौद्यात सगळं सामान भरून हेच एकदा. भरलेल्या गाडीत मागच्या टायरला हवा जास्त लागते, दाराच्या स्टिकरवर आकडा असतो. स्टेपनीत तोच भरून ठेवलाय. आणि ओल्या मातीसाठी फळी आणखी रुंद हवी, सुताराला सांगितलंय.